चिंगी गेल्यानंतर शेल्टरमध्ये जावं का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे तुमच्यासारख्याच अवस्थेतल्या बाकीच्यांनाही पुढचं नीट कळेल. तुमची कुत्री चिंगी तेरा वर्षांची होती. मुलाने कॉलेजात असताना रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू. मुलगा पुढे परदेशी गेला आणि चिंगी तुमची झाली. शेवटचे सात महिने किडनीचा आजार, घरीच सलाईन, आणि अडीच महिन्यांपूर्वी डॉक्टरांशी बोलून तुम्ही तिला इंजेक्शन देऊन झोपवायचा निर्णय घेतला. आता रोज सकाळी साडेसहाला जाग येते आणि काय करायचं ते कळत नाही. दुसरा कुत्रा आणायला मन धजत नाही. मैत्रीण म्हणते, बेघर कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जाऊन मदत कर, बरं वाटेल. तुम्ही विचारताय, तिथली कुत्री बघून त्रास वाढेल का, चिंगीशी बेइमानी होईल का, आणि पंचावन्नाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, तिथे माझा उपयोग तरी काय?

मी गेली सतरा वर्षं पुण्याबाहेरच्या एका शेल्टरमध्ये स्वयंसेवकांचं काम बघते. नव्या माणसाला कुठलं काम द्यायचं, कुठल्या पिंजऱ्यापाशी पाठवायचं, कुणाला थोडे दिवस थांबा म्हणायचं, हे माझ्याकडे असतं. येणाऱ्यांत दर वर्षी कितीतरी जण असे असतात की ज्यांच्या घरचा कुत्रा नुकताच गेलेला असतो. मीही तशीच आले होते. म्हणून उत्तर सरळ देते: जा. मात्र कुत्र्यांना कुरवाळायला म्हणून जाऊ नका, भांडी घासायला म्हणून जा. असं का म्हणते ते सांगते.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की शेजारून पिठलं-भात येतो. कुणी चटया आणून टाकतं, कुणी नुसतं येऊन बसतं. दहावा असतो, तेरावा असतो, कावळा शिवायची वाट बघणं असतं. तेव्हा त्या सगळ्याचा त्रासही होतो, पण त्या तेरा दिवसांत माणसाच्या हाताला काम असतं आणि गेलेल्याचं नाव दिवसातून शंभर वेळा घरात घेतलं जातं. चिंगी गेली त्या रात्री तुमच्याकडे पिठलं-भात कुणी आणला नसेल. दुसऱ्या दिवशी दूधवाला आला, कामवाल्या बाई आल्या, सोसायटीची मीटिंग झाली. कुणीतरी म्हणालंही असेल, “कुत्रीच तर होती, दुसरी आण.” केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. त्याचा मराठीत अर्थ सांगायचा तर, समाजाने ज्याला दुःख म्हणून मान्यताच दिलेली नाही असं दुःख. रडायला जागा नाही, रजा नाही, सुतक नाही. म्हणून ते आत साचून राहतं आणि साडेसहाला, पट्टा घेऊन जिना उतरायच्या वेळेला, वर येतं.

शेल्टरमध्ये पहिल्यांदा काय मिळत असेल तर हेच. तिथे कुणी “कुत्रीच तर होती” म्हणत नाही. “नाव काय होतं?” असं विचारतात. मग “कशाने गेली?” विचारतात आणि तुम्ही किडनी म्हटलंत की समोरची मुलगी झाडता झाडता म्हणते, “शेवटी तोंडात फोड आले होते का? श्वासाला वास यायचा ना?” तेवढ्या एका प्रश्नाने माणूस हलका होतो. समोरच्याने ते पाहिलेलं आहे, त्याला समजावून सांगावं लागत नाही.

त्या इंजेक्शनबद्दल इथेच बोलते, कारण तुम्ही प्रश्नात ते एका वाक्यात उरकलंय आणि मला वाटतं खरं ओझं तेच आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांचा कुत्रा अपघातात गेला ते रागावलेले असतात. ज्यांनी स्वतः सही करून झोपवलं ते गप्प असतात. किडनी शेवटच्या टप्प्याला पोचली की किडनीने बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात चढत जातं, उलट्या थांबत नाहीत, खाण्याकडे बघवत नाही, तोंडात जखमा होतात. निकामी झालेली किडनी सलाईनने परत येत नाही, फक्त थोडे दिवस मिळतात, आणि ते दिवस तुम्ही सात महिने तिला दिलेत. चांगले डॉक्टर आधी भुलीचं औषध देतात, जनावर गाढ झोपतं, त्यानंतरचं इंजेक्शन त्याला कळत नाही. “अजून आठ दिवस थांबले असते तर” हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. मी ते आठ दिवस शेल्टरमध्ये अनेकदा पाहिलेत. त्या आठ दिवसांत चिंगीला तुमच्याबरोबर फिरायला मिळालं नसतं. फक्त उलट्या मिळाल्या असत्या.

आता भांड्यांचं. २००८ च्या पावसाळ्यात माझा कुत्रा गेला आणि तीनेक महिन्यांनी मी पहिल्यांदा शेल्टरच्या फाटकाशी उभी राहिले. माझ्या मनात चित्र असं होतं की मी आत जाईन, एखादं दुखावलेलं कुत्रं माझ्याजवळ येईल, आम्ही दोघं एकमेकांना सावरू. तिथल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि हातात नारळाच्या काथ्याचा घासणा देऊन मला मागच्या मोरीवर बसवलं. बेचाळीस ॲल्युमिनियमच्या थाळ्या. भाताची शितं वाळून कडेला चिकटलेली. मी दीड तास घासत होते. मध्येच एका थाळीवर खिळ्याने कोरलेलं ‘मन्या’ असं नाव दिसलं आणि मला हुंदका फुटला. कुणी धावून आलं नाही. त्या बाई आल्या, शेजारी बसल्या, घासलेल्या थाळ्या विसळायला लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मन्या गेला तीन वर्षांपूर्वी. थाळी अजून वापरतो.” मग त्या थाळीत एका तपकिरी कुत्र्याला भात वाढला आणि त्याने तो दोन मिनिटांत चाटूनपुसून संपवला.

त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली. तेव्हा कारण कळलं नव्हतं. पुढे मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघा अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार वाचला तेव्हा लक्षात आलं. त्यांचं म्हणणं असं की दुःखात असलेला माणूस झोक्यासारखा हेलकावे घेतो. कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी चालू आयुष्यातलं एखादं काम हातात घेतो, परत आठवणीत जातो. या दोन्हींमधली ये-जा म्हणजेच सावरणं. नुसतं रडत राहिलं तरी माणूस अडकतो आणि नुसतं कामाला जुंपून घेतलं तरी अडकतो. थाळी घासता घासता हुंदका येणं आणि हुंदका आल्यावरही थाळी घासून होणं, दोन्ही एकाच तासात घडू शकेल अशा जागा फार थोड्या आहेत. घरी घडत नाही, कारण घरी घासायला थाळी उरलेली नसते.

म्हणून माझा आग्रह असतो की पहिले चार-पाच रविवार माणसाने कुत्र्यांच्या आसपासचं काम करावं, कुत्र्यांवरचं नाही. भांडी, पाण्याच्या कुंड्या, गोधड्या वाळत घालणं, भात शिजवायला मदत, औषधांच्या नोंदी. कुत्री तुम्हाला बघतात, तुमचा वास ओळखीचा होतो, आणि तुम्हीही त्यांच्याकडे “चिंगीसारखी कोण आहे” या नजरेने बघणं हळूहळू सोडता. ही नजर फार घात करते. शेल्टरमधल्या कुत्र्याला माणसाच्या मनाची भूक लगेच कळते. तो एकतर अंगावर झेपावतो नाहीतर कोपऱ्यात सरकतो. मान वळवणं, जिभेने ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, या सगळ्याचा अर्थ “जरा लांब राहा” असा असतो. दुःखातल्या माणसाला ते दिसत नाही. त्याला वाटतं कुत्रा उदास आहे, आणि तो आणखी जवळ जातो. आमच्याकडे चावण्याचे जे थोडे प्रसंग झाले त्यातले बरेचसे असेच झाले.

एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर काका यायला लागले. सोळा वर्षांचा पॉमेरियन गेला होता. पत्नी आधीच गेलेली. पाचव्या आठवड्यानंतर मी त्यांना शेवटच्या ओळीतल्या एका काळ्या कुत्रीपाशी बसायला सांगितलं. गाडीखाली येऊन तिचा मागचा पाय काढावा लागला होता, आणि माणूस दिसला की ती भिंतीला तोंड करून बसायची. काकांना सांगितलं, पिंजऱ्यात जायचं नाही, बाहेर स्टूल टाकून तिच्याकडे पाठ किंवा खांदा करून बसायचं, डोळ्यात बघायचं नाही, हाक मारायची नाही. “मग करायचं काय?” त्यांनी विचारलं. म्हटलं, पेपर वाचा, मोठ्याने. ते रविवारची पुरवणी घेऊन यायचे आणि अग्रलेखापासून राशिभविष्यापर्यंत सगळं वाचायचे. त्यांचा आवाज गाडीत स्टॉपची नावं सांगणाऱ्या माणसासारखा, एका पट्टीतला, आणि अशा भित्र्या कुत्र्याला चढ-उतार नसलेला आवाजच सोसतो. तिसऱ्या रविवारी तिने तोंड भिंतीवरून वळवलं. पाचव्या रविवारी ती जाळीपर्यंत आली. सातव्या रविवारी जाळीखालच्या फटीतून नाक काढून तिने त्यांच्या चपलेच्या अंगठ्यावर हनुवटी टेकली. काका वाचायचे थांबले नाहीत. मी लांबून बघत होते. पेपर थरथरत होता, पण त्यांनी हवामानाचा अंदाज शेवटपर्यंत वाचला.

पुढे तिला सासवडकडच्या एका कुटुंबाने नेलं. त्या दिवशी काका आले नाहीत. पुढच्या रविवारी आले, स्टूल उचललं आणि दुसऱ्या ओळीत कुठल्या कुत्र्यापाशी बसू म्हणून विचारलं.

तुमचा बेइमानीचा प्रश्न मी याच गोष्टीला धरून बघते. काकांनी त्या काळ्या कुत्रीला कधी घरी नेलं नाही. ती त्यांच्या पॉमेरियनच्या जागी आलीच नाही. सोळा वर्षं एका जिवाबरोबर राहून त्यांच्याकडे जी समज जमा झाली होती, कधी गप्प बसायचं, केव्हा हात पुढे करायचा, ती त्यांनी वापरली. तुमच्याकडेही अशी समज आहे, आणि ती तुम्हाला चिंगीने दिलेली आहे. सात महिने कुत्रीला घरी सलाईन लावणारं माणूस म्हणजे काय हे शेल्टरमधल्या माणसांना बरोबर कळतं. मान धरून कातडी तंबूसारखी उचलायची, सुई कशी सरकवायची, गोळी कशात लपवायची, खाणं नाकारणाऱ्या कुत्र्याला हाताने कसं भरवायचं, हे तुम्हाला येतं. आमच्याकडे तरुण मुलं येतात, उत्साही असतात, पण म्हाताऱ्या कुत्र्यांपाशी त्यांचा जीव रमत नाही. म्हातारी कुत्री सगळ्यात मागे राहतात, त्यांना कुणी नेत नाही, आणि त्यांना फार पळवायचंही नसतं. तुमचे गुडघे आणि त्यांचे गुडघे सारखेच चालतात. बसून केस विंचरणं, गोचिड्या काढणं, कानात औषध घालणं, ही सगळी बैठी कामं आहेत.

चिंगीच्या वस्तूंचं काय करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिल्या भेटीत बहुतेक जण एक पिशवी घेऊन येतात, म्हणून सांगते. तिची गोधडी, टॉवेल, न उघडलेली औषधं, सलाईनच्या बाटल्या, हे सगळं शेल्टरला हवं असतं. औषधांची मुदत बघून डॉक्टरांच्याच हातात द्या. किडनीच्या पथ्याचं खाणं उरलं असेल तर तेही डॉक्टरांकडेच द्या, सरसकट भांड्यात ओतू नका, कारण त्यात प्रथिनं कमी असतात आणि वाढत्या पिल्लांना ते चालत नाही. ज्यांचा कुत्रा पार्व्हो किंवा डिस्टेंपर या संसर्गाच्या रोगांनी गेला त्यांनी मात्र अंथरूण-भांडी कुणालाही देऊ नयेत. पार्व्होचा विषाणू कपड्यावर, जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. आणि गळपट्टा घरी ठेवा. तो देऊन टाकण्याची घाई करणारे नंतर मला फोन करून परत मागतात, आणि तोवर तो कुणाच्या तरी गळ्यात गेलेला असतो.

काही गोष्टींपासून पहिले दोन-तीन महिने लांब राहा. आजारी कुत्र्यांच्या वॉर्डात जाऊ नका, निदान किडनीच्या रुग्णापाशी तरी नको. पिल्लांच्या खोलीत जाऊ नका. पिल्लांचं मरण अचानक येतं, सकाळी खेळणारं पिल्लू दुसऱ्या दिवशी नसतं, आणि तुमच्या मनाला आत्ता ते झेपणार नाही. चिंगीसारखं दिसणारं कुत्रं असेल तर तिथल्या माणसांना सांगा की मला त्या ओळीत नको. यात कमीपणा काही नाही, आम्हाला हे ऐकायची सवय आहे. आणि तीन महिने कुठलंच कुत्रं घरी आणू नका, दत्तकही नाही आणि ‘फक्त आठवडाभर’ म्हणूनही नाही. तिथली माणसं प्रेमाने गळ घालतील, कारण जागा नेहमीच कमी असते. नाही म्हणा. घाईत नेलेलं कुत्रं परत येताना मी पाहिलंय. “चिंगी असं नव्हती करत” हे वाक्य त्या बिचाऱ्याला घरी रोज ऐकावं लागतं. शेल्टरमधून घरी गेलेल्या कुत्र्याला पहिले तीन दिवस भेदरण्यात जातात, घरची शिस्त कळायला साधारण तीन आठवडे लागतात, आपलं घर वाटायला तीन महिने. हा ढोबळ हिशेब आहे, पण तेवढा धीर धरता येईल असं वाटेल तेव्हाच हो म्हणा.

आता तब्येतीचं, आणि यात मी काही सवलत देत नाही. शेल्टरमध्ये पाऊल टाकण्याआधी रेबीजची लस घ्या. चावा व्हायच्या आधी घ्यायची लस तीन डोसांत असते: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. डॉक्टरांना ‘कुत्र्यांमध्ये काम करणार आहे’ असं स्पष्ट सांगा. ती घेतली तरी चावा झाला की पुढचे दोन डोस घ्यावे लागतात, पण महागडं आणि मिळायला अवघड असलेलं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. दात किंवा नख लागून रक्त आलं, नुसतं खरचटलं, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. चुना, तिखट, हळद, तेल काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर उपचार नाही, म्हणून “लहानसं तर आहे” हा विचारच मनात आणायचा नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलेलं असू द्या. पावसाळ्यात गमबूट घाला. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस चिखलातून, पायाच्या भेगांतून माणसाला होतो. खरजेचा एक प्रकार माणसाच्या अंगालाही थोडे दिवस खाज आणतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला आणि घरी आल्यावर ते वेगळे भिजवा.

लशीबद्दल बोलतेच आहे तर आणखी एक. गोवा २०२१ मध्ये ‘रेबीज नियंत्रित’ म्हणून जाहीर झालं. त्यामागे वर्षानुवर्षं गल्लोगल्ली, किनाऱ्यांवर फिरून कुत्र्यांना लस टोचणारे गट होते, आणि त्या गटांत पगारी माणसांबरोबर स्वयंसेवकही होते. ज्यांना शेल्टरचा बंदिस्तपणा सोसत नाही त्यांना लसीकरणाचं शिबिर बरं पडतं. कुत्रा पकडणारे वेगळे असतात. नोंदवही धरणारं, रंगाची खूण करणारं, गल्लीतल्या लोकांशी बोलणारं कुणीतरी लागतंच.

शेल्टर निवडताना फाटकातूनच काही गोष्टी दिसतात. पाण्याची भांडी भरलेली आहेत का, नव्याने आलेली कुत्री बाकीच्यांपासून वेगळी ठेवली आहेत का, नसबंदी झालेल्या कुत्र्यांच्या कानाला खाच आहे का, आणि मुख्य म्हणजे ती माणसं तुम्हाला प्रश्न विचारतात का. लस घेतली का, घरी दुसरं जनावर आहे का, आठवड्यातला कुठला दिवस नक्की देणार, हे विचारणारं शेल्टर चांगलं. पहिल्याच दिवशी पट्टा हातात देऊन “घेऊन जा फिरायला” म्हणणाऱ्या ठिकाणी दुसऱ्यांदा जाऊ नका. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हे जनावरांचं हॉस्पिटल तर माहीत असतंच. मोठ्या शहरांत अशा जुन्या संस्था आहेत. लहान गावात शेल्टर नसेल तर तुमच्याच गल्लीत काम आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, आणि खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारांपासून लांब ठरवायची असते. गल्लीतल्या कुठल्या कुत्र्याची नसबंदी झाली, कुठल्याची राहिली, याची वही ठेवणारं एक माणूस असलं तर नगरपालिकेच्या गाडीचं काम निम्मं सोपं होतं.

खाण्याबद्दल एक सांगते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि येणाऱ्या प्रत्येक आजींच्या डब्यात तूप-पोळी असते. भाव फार मोठा आहे. पण तेलकट-तुपकट खाण्याने कुत्र्यांचं पोट बिघडतं, कधी स्वादुपिंडाला सूज येते, आणि शंभर कुत्र्यांत कुणाला काय पथ्य आहे ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. साधा भात, उकडलेलं अंडं, हळद-मीठ न घातलेलं चिकन न्या, आणि विचारून द्या.

हे सगळं केल्यावर दुःख जाईल का? जाईल असं मी म्हणत नाही. काही दिवस शेल्टरमधून येताना तुम्ही रडाल, तसं झालं तर घाबरू नका. तिथलं कुणीतरी मरेल, आणि ते मरण तुम्हाला चिंगीच्या मरणापर्यंत परत घेऊन जाईल. असं झालं की एक रविवार सुट्टी घ्या, फोन करून सांगून घ्या. मात्र रोज जायला लागलात, घरी जेवायची आठवण राहिली नाही, रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं तुमच्याच जबाबदारीचं वाटायला लागलं, तर ते दुःख कामाच्या आड लपलंय असं समजा. मी आठवड्यातून एकच दिवस, तीन तास, याच्यावर सुरुवातीला कुणालाच येऊ देत नाही. आणि महिने उलटूनही झोप नाही, खाणं नाही, जगण्यात मन नाही असं असेल तर आधी डॉक्टर. सरकारच्या टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. तिथे “माझी कुत्री गेली” असं सांगताना लाजू नका.

कुत्र्यांच्या बाजूनेही सांगते, म्हणजे आपण नुसतं आपल्याच बरं वाटण्यासाठी जातोय असं वाटायला नको. शेल्टर कितीही चांगलं असलं तरी तिथे गोंगाट असतो, आणि कुत्र्याच्या शरीरात ताणाचं रसायन, कॉर्टिसोल, वाढलेलं राहतं. माणसाने शांतपणे जवळ बसून थोपटलं तर ते उतरतं, हे परदेशातल्या शेल्टरांमध्ये मोजून पाहिलेलं आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला पाठवलं, तेव्हा कॉर्टिसोल खाली आलं. परत आणल्यावर ते पुन्हा आधीइतकं झालं, पण त्याहून वर गेलं नाही. म्हणजे तीन तासांची सोबत ही तीन तासांची विश्रांती असते, आणि ती दिल्यामुळे नंतर त्यांचं नुकसान होत नाही. तुम्ही निघून आल्यावर तुमची आठवण काढून ती झुरतील अशी भीती बाळगू नका. झुरण्यापेक्षा त्यांना दर रविवारी त्याच वेळी तेच पाऊल ऐकू येणं फार मोलाचं असतं. म्हणून कमी द्या, पण चुकवू नका.

एवढं झालं की फोन करा आणि दिवस ठरवा. पहिल्या दिवशी नखं कापलेली, ओढणी नको, कानात लोंबणारं काही नको, मोबाइल पिशवीत. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला चिंगीचं नाव सांगा. आणि वेळ कुठली देणार असं त्यांनी विचारलं तर दुपार सांगू नका. दुपारी कॉलेजची मुलं असतात. सकाळी दारं उघडतात तेव्हा रात्रभर कोंडलेली कुत्री एकदम बाहेर यायला बघतात, ओटे धुवायचे असतात, पहिलं पाणी भरायचं असतं, आणि त्या वेळेला माणसं कधीच पुरत नाहीत. तुम्हाला जाग येतेच आहे. साडेसहाला येईन म्हणून सांगा.